जवळचा आवाज

माइकशी आमचा संबंध पंचवीस वर्षांहून अधिक काळाचा. मिस्सा असो, लग्न असो, अंत्यविधी असो की चर्चच्या फाटकात आडव्या लावलेल्या दुचाकीची सूचना असो, माइकसमोर उभे राहिल्याशिवाय धर्मगुरूचा दिवस सहसा मावळत नाही. परंतु माइक निवडण्याचा प्रसंग मात्र आमच्यावर कधी आला नव्हता. ज्या धर्मग्रामात बदली होई तेथे तो आधीच उभा असे. आम्ही त्यावर दोन टिचक्या मारायच्या, 'हॅलो' म्हणायचे आणि बोलू लागायचे. मे महिन्यात आठ दिवसांच्या सुटीवर वसईला घरी गेलो, तेव्हा धाकट्या पुतण्याने आमचे हे अज्ञान अगदी सहज उघडे पाडले.

"काका, टेबलावर ठेवायचा माइक घ्यायचा आहे. तुमचे सगळे आयुष्य माइकवर गेले. तुम्हीच सांगा, कुठला घेऊ?"

"माइक कशाला हवा तुला? गायनमंडळात लागलास काय?"

"नाही हो. गेम खेळताना बोलायला."

वाचकहो, खरे सांगायचे तर आमचा पहिला विचार असा की, खेळायला बोलणे कशाला लागते आणि बोलायला खेळ कशाला लागतो? पण पोराने खुर्ची ओढून आम्हांला शेजारी बसवले आणि समजावून सांगितले. खेळाचे नाव व्हॅलोरंट. तो २०२० साली बाजारात आला. पाच जणांचा एक संघ, समोर पाच जणांचा दुसरा. प्रत्येक जण आपापल्या घरी आपापल्या संगणकासमोर. दोन्ही हात खेळात गुंतलेले, म्हणून लिहून निरोप देण्याची सोय नाही. 'डावीकडून दोघे येत आहेत' एवढे सांगायला दोन सेकंद मिळतात. ते तोंडानेच सांगावे लागते, आणि ऐकणाऱ्याला ते पहिल्या खेपेस कळावे लागते. त्यासाठी ही मुले डिसकॉर्ड नावाची सोय वापरतात. ती २०१५ साली सुरू झाली. कल्पना मात्र जुनी आहे. मायक्रोसॉफ्टने २००२ साली एक्सबॉक्स लाइव्ह ही सेवा सुरू केली, तेव्हा तिच्या पेटीतच कानामाथ्यावर चढवायचा हेडसेट दिला होता. खेळणाऱ्यांना एकमेकांचा आवाज हवा असतो, हे त्या मंडळींनी तेव्हाच ओळखले होते.

या पाच जणांत एक आमचा थोरला पुतण्या. तो नोकरीनिमित्त बंगळूरूला असतो; वर्षातून दोनदा घरी येतो. फोनवर या दोघा भावांचे संभाषण आम्ही ऐकलेले आहे. "जेवलास?" "हो." "बरं." संपले! पण शनिवारी रात्री साडेनऊला खेळ सुरू झाला की हेच दोघे दोन-दोन तास बोलतात. आमचे वडील आणि त्यांचे भाऊ समोरासमोर बसून कधी फारसे बोलले नाहीत. पण केळीच्या बागेला पाणी लावताना त्यांच्या गप्पांना खळ नसे. पुरुषांच्या जातीला हात कामात असले म्हणजे तोंड उघडणे सोपे जाते, असे दिसते. हे ध्यानात आल्यावर खेळाविषयीचा आमचा पूर्वग्रह बराच निवळला.

मग घाई कशाची? पोर थोडा वेळ गप्प राहिला आणि मग त्याने सांगून टाकले. त्याच्या हेडसेटची माइकची दांडी तुटली होती. कानांतले चालत होते, म्हणून त्याने बोलण्यासाठी संगणकाच्या पडद्यावर बसवलेल्या जुन्या वेबकॅमचा माइक वापरायला घेतला. पुढचे पंधरा दिवस तो नेहमीप्रमाणे बोलत होता, सूचना देत होता, विनोद करीत होता. उत्तर कमी येते आहे असे त्याला वाटे. पण खेळाच्या धांदलीत त्याचे काही मनावर घेतले नाही. शेवटी एका मित्राच्या तोंडून निसटले की, चौघांपैकी तिघांनी त्याचा आवाज केव्हाच बंद करून ठेवला होता. या व्यवस्थेत ऐकणारा एखाद्याचा आवाज आपल्यापुरता बंद करू शकतो, आणि ज्याचा आवाज बंद केला त्याला तसे काही कळवले जात नाही. पंधरा दिवस पोर भिंतीशी बोलत होता.

"म्हणून चांगल्यातला चांगला माइक घ्यायचा आहे," तो म्हणाला. "सगळ्यात महाग. मग बघू कोण बंद करतो."

त्याच रात्री दुसरी गोष्ट आमच्या लक्षात आली. संगणक बाहेरच्या खोलीत आहे आणि आईची खाटही तेथेच आहे. साडेनऊच्या सुमारास आई दारात आली आणि हाताने खूण करून आम्हांला जेवायला बोलावू लागली. तिचा घसा बसला आहे असे आम्हांला वाटले. स्वयंपाकघरात गेल्यावर विचारले, तर हळूच म्हणाली, "घसा बरा आहे. त्याच्या दोस्तांना माझा आवाज जातो म्हणे. खेळ असला की मी बोलत नाही." जपमाळही ती आता खाटेवर बसून ओठांतल्या ओठांत करते. ऐंशी ओलांडलेली बाई, जिच्या हाकेने एके काळी अख्खी वाडी जेवायला येई, ती स्वतःच्या घरात खुणेने बोलत होती. आणि त्यात तक्रारीचा सूरही नव्हता. आम्ही पानावर बसलो. परंतु घास गोड लागेना.

माइक निवडण्याचे काम आता आम्ही मनापासून अंगावर घेतले. धर्मग्रामात परतल्यावर चर्चची ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या तरुणाला बोलावले, काही वाचले, काही दुकानदारांशी बोललो. जे कळले ते येथे थोडक्यात मांडतो. कारण वाचकांपैकी अनेकांच्या घरी हाच प्रश्न आज ना उद्या उभा राहील.

माइकच्या दोन मुख्य जाती. पहिली कंडेन्सर. तिच्यात अत्यंत पातळ पडदा आणि त्यामागे एक पट्टी असते. पडदा थरथरला की दोहोंतील अंतर बदलते आणि त्यातून विजेचा संदेश तयार होतो. हे तंत्र ई. सी. वेन्टे यांनी १९१६ साली साधले. पुढे बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेस्लर यांनी १९६२ साली याच जातीचा स्वस्त आणि चिमुकला प्रकार शोधला. हेडसेटच्या दांडीवरचा मसुराएवढा माइक बहुधा याच घराण्यातला. दुसरी जात डायनॅमिक. तिच्यात पडद्याला तारेचे वेटोळे जोडलेले असते आणि ते लोहचुंबकाच्या क्षेत्रात हलते. शूअर कंपनीचा एसएम५८ हा १९६६ साली आलेला, जाळीदार गोल डोक्याचा, सभांतून आणि गाण्याच्या कार्यक्रमांतून आपण पाहतो तो माइक याच जातीचा.

कंडेन्सर संवेदनशील. कुजबुज टिपतो, श्वास टिपतो. आणि म्हणूनच पंखा, कुकरची शिट्टी व शेजाऱ्याचा कुत्राही टिपतो. शांत, पडदे लावलेल्या खोलीत तो सोने. उघड्या खिडक्यांच्या घरात तो चहाडखोर. डायनॅमिक तेवढा कान लावून बसत नाही. त्याच्या अगदी जवळ जाऊन बोलावे लागते. 'डायनॅमिक गोंगाट घेत नाही' असे दुकानात सांगतात, ते अर्धेच खरे. बोलणाऱ्याचा आवाज कोणता आणि गोंगाट कोणता, हे कोणत्याच माइकला कळत नाही. डायनॅमिक बोलणाऱ्याला जवळ यायला भाग पाडतो, एवढाच त्याचा गुण. पण तो फार मोठा गुण आहे.

यामागचे गणित साधे आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाचा दाब निम्मा होतो. तंत्रज्ञांच्या भाषेत सहा डेसिबलने घटतो. उलट अंतर निम्मे केले की दाब दुप्पट. पुतण्याचा वेबकॅम त्याच्या तोंडापासून सुमारे ६० सेंटीमीटरवर होता. तेथून ३०, मग १५, मग साडेसात सेंटीमीटर, असे तीन वेळा अंतर निम्मे केले की त्याचा आवाज माइकपाशी आठपट होतो. पंखा मात्र होता तेथेच, म्हणून त्याची घरघर होती तेवढीच. मग माइकची संवेदनशीलता, ज्याला ही मंडळी गेन म्हणतात, ती तेवढी खाली आणता येते आणि घरघरही तिच्याबरोबर खाली जाते. म्हणूनच दोन फुटांवरच्या महागड्या माइकपेक्षा ओठांजवळचा साधा हेडसेट सरस ठरतो. पुतण्याचा जुना, तुटका माइक त्यामुळेच इतके दिवस कोणाला खुपला नव्हता.

यानंतर दिशेचा प्रश्न. काही माइक चोहोबाजूंचे ऐकतात, काही पुढचे आणि मागचे, तर काही मुख्यतः पुढचेच. या शेवटच्या प्रकाराला कार्डिऑइड म्हणतात. त्याचा ऐकण्याचा पट्टा कागदावर काढला तर हृदयाच्या आकाराचा दिसतो, म्हणून हे नाव. सेमिनरीत ग्रीक भाषेशी जी तोंडओळख झाली होती तिच्यामुळे 'कार्दिया' म्हणजे हृदय हे आम्हांला आठवले आणि मौज वाटली. या हृदयाचा गुण असा की पाठीमागचा आवाज ते सर्वांत कमी घेते. यती किंवा क्वाडकास्ट यांसारख्या कंडेन्सर माइकवर अशा चार तऱ्हा बटण फिरवून निवडता येतात. घेणारा हौसेने घेतो आणि तऱ्हा चुकीची लावून ठेवतो, मग सारे घर ऐकू जाते. आणखी एक गंमत अशी की यती हा बाजूने बोलण्याचा माइक आहे; पण अनेक जण त्याच्या टोकाशी तोंड नेऊन बोलतात आणि माइक वाईट म्हणून नावे ठेवतात.

ही चर्चा चालू असताना आमच्या चर्चचा तो तरुण चुळबुळत होता. शेवटी म्हणाला, "फादर, राग मानू नका, एक सांगू?"

"सांग."

"तुम्ही प्रवचनाला उभे राहिलात की हात मागे बांधता आणि एक पाऊल मागे सरता. दर रविवारी. मी गेन वाढवला तर शिट्टी वाजते. कमी केला तर मागच्या बाकांना ऐकू जात नाही. मधल्या मध्ये कसेबसे सांभाळतो."

"किती दिवस?"

"तुम्ही आलात तेव्हापासून. चार वर्षे झाली."

"मग कोणी आम्हांला सांगितले कसे नाही?"

"फादरांना कोण सांगणार?"

आम्ही निरुत्तर झालो. सेमिनरीत आमचे वृद्ध प्राध्यापक शिकवीत की वक्त्याने मागच्या भिंतीशी बोलावे. ते माइकशिवायच्या दिवसांचे शिक्षण होते. आम्ही ते माइकसमोरही तसेच चालवले आणि मागच्या बाकांवरच्या वृद्धांची शांत मुद्रा ही एकाग्रता समजून समाधान मानले. पुतण्याने पंधरा दिवस भिंतीशी बोलल्याचे दुःख सांगितले, तेव्हा आम्हांला त्याची कीव आली होती. आमची चार वर्षे झाली होती. चर्चमध्ये आवाज बंद करण्याचे बटण नसते. भाविक सभ्यपणे समोर पाहत राहतात, एवढाच फरक.

त्या रात्री एक गोष्ट मनाशी पक्की झाली. माइक ज्याचा असतो, त्याला स्वतःला त्याचा आवाज कधी ऐकू येत नाही. माइकचे गुणदोष सारे ऐकणाऱ्याच्या वाट्याला येतात. कपडे आपण आरशात पाहून घेतो. माइक मात्र दुसऱ्याच्या कानाने निवडावा लागतो.

पुढच्या शनिवारी दुपारी घरी गेलो ते हे मनात ठेवूनच. पुतण्याला म्हटले, "खरेदी नंतर. आधी तू ज्या माइकवर बोलत होतास, त्यावर पाच मिनिटे बोल आणि साठवून ठेव. मग तेच हेडफोनवर ऐक." आधीच्या आठवड्यात सरावाच्या वेळी साठवलेला एक तुकडा त्याच्याजवळ होता; तोच त्याने लावला. एक हेडफोन त्याच्या कानाला, दुसरी जोड आमच्या. प्रथम पंख्याची घरघर, मग कळफलकाचे खटखट, त्यामागून कुठे तरी विहिरीत बोलावे तसा त्याचा आवाज. मध्येच आईचा आवाज आला. "बाळा, चहा घेतोस का?" आणि त्यावर पोराचा, या वेळी अगदी स्पष्ट, "आजी, गप्प बस ना जरा!"

त्याने हेडफोन काढला. आम्ही काहीच बोललो नाही. बोलण्यासारखे उरलेही नव्हते.

निवड मग फार वेळ चालली नाही. डायनॅमिक, कार्डिऑइड, आणि यूएसबीची तार थेट संगणकाला जोडता येईल असा. एक्सएलआर नावाची तीन टोकांची तार घेणारे माइक उत्तम असतात. पण त्यांना मध्ये आणखी एक यंत्र लागते, आणि त्या जोडणीचा कंडेन्सर असेल तर बहुधा ४८ व्होल्टचा पुरवठाही लागतो. सॅमसनचा क्यू२यू, ऑडिओ-टेक्निकाचा एटीआर२१००एक्स, फिफाइनचा एएम८ हे दोन्ही जोडण्या असलेले डायनॅमिक माइक. अशांपैकी खिशाला परवडेल तो एक निवडला. त्याहून महाग घेण्यात अर्थ नव्हता. डिसकॉर्डवरून आवाज जातो तो ओपस या पद्धतीने दाबून लहान केलेला असतो. तेथे साध्या खोलीला सेकंदाला ६४ किलोबिट एवढीच वाट नेमलेली असते. बोलणे समजायला ती भरपूर आहे. परंतु महागड्या माइकचे बारीक नखरे त्या वाटेने पुरते पोहोचत नाहीत.

वाचलेल्या पैशांतून टेबलाच्या कडेला आवळून बसवायची एक लवचीक भुजा घेतली. माइक टेबलावर उभा केला तर कळफलकाचे हादरे लाकडातून थेट त्याच्यात शिरतात. भुजेवर टांगला तर पुष्कळ कमी होतात आणि माइक तोंडापर्यंत आणता येतो. अंतर चार बोटांचे ठेवले. माइक ओठांच्या थेट समोर न धरता किंचित बाजूला धरला. कारण 'प', 'फ', 'ब', 'भ' उच्चारताना वाऱ्याचा झोत निघतो आणि माइकमध्ये धप्प असा आवाज होतो. त्यासाठी स्पंजची टोपीही मिळते. आपल्या भाषेत तर महाप्राणांची रेलचेल. 'भाऊ' म्हटले तरी टोपी थरथरते! हेडफोन मात्र कानांवरच राहिले पाहिजेत. स्पीकर लावले तर मित्रांना स्वतःचेच शब्द परत ऐकू येतात. बोलण्यासाठी एक कळ नेमली, ती दाबली असतानाच आवाज जाईल अशी. पार्श्वभूमीचा गोंगाट गाळण्याची संगणकीय सोयही आहे. पण ती शेवटचा हात म्हणून ठेवावी, कारण फार गाळले की बोलणाऱ्याचेही शब्द कुरतडले जातात.

सर्वांत जास्त वेळ लागला तो टेबल फिरवायला. माइकची पाठ आईच्या खाटेकडे येईल असे आम्ही दोघांनी टेबल वळवले. आई खाटेवरून हे सारे पाहत होती.

"काय चालले आहे तुमचे?" तिने हळूच विचारले.

"आजी, आता तू मोठ्याने बोल," पोर म्हणाला. "कितीही मोठ्याने." आणि खाली मान घालून पुढे म्हणाला, "चुकलो."

आईने उत्तर दिले नाही. तिने जपमाळ काढली आणि बऱ्याच दिवसांनी आवाजात म्हणू लागली.

साडेनऊला खेळ सुरू झाला. तिघा मित्रांनी आवाज पुन्हा चालू केले. "अरे, तू आता माणसासारखा ऐकू येतोस," एक जण म्हणाला. पोराचा चेहरा फुलला. बंगळूरूचा थोरला तेवढा गप्प होता. थोड्या वेळाने त्याने विचारले, "आजी घरात नाही का?"

"आहे ना. का?"

"तिचा आवाज येत नाही."

तेव्हा आम्हांला कळले. चौघांपैकी ज्या एकाने धाकट्याचा आवाज कधीच बंद केला नव्हता, तो हा. पंखा, कुकर, आजीची जपमाळ, सारे तो दर शनिवारी ऐकत आला होता. तिघांना जो गोंगाट होता, त्यात त्याला घर ऐकू येत होते. आणि आम्ही मोठ्या शास्त्रशुद्ध रीतीने ते बंद केले होते!

आता तोडगा निघाला आहे. शनिवारी सव्वानऊला, खेळ सुरू होण्याआधी, खुर्ची आईसाठी मोकळी केली जाते. ती हेडफोन डोक्यावरच्या पदरावरूनच चढवते आणि थोरल्याची चौकशी करते. उरलेल्या तिघांनाही जेवण झाले का ते विचारते. मुलेही तिला आदराने उत्तरे देतात. रविवारच्या प्रवचनात आम्ही आता हात मागे बांधत नाही, मागच्या बाकावरचे एक वृद्ध गृहस्थ परवा म्हणाले, "फादर, हल्ली बरे बोलता तुम्ही." बोलतो आम्ही पूर्वीसारखेच.

मागच्या शनिवारी आम्ही घरी होतो. आई खुर्चीत बसली आणि सवयीने, बंगळूरू फार लांब म्हणून, ओरडून बोलू लागली. पुतण्याने कळ दाबून धरली, दुसऱ्या हाताने माइक तिच्याकडे वळवला आणि म्हणाला, "ओरडू नकोस आजी. जवळ ये."